‘तलवार’चा वायरलेस

१९९७ साली स्वातंत्र्याची पन्नाशी होती आणि ९ ऑगस्टला आपल्या शाळेचे पथक ऑगस्ट क्रांती मैदानात उतरणार होते. १९४२ चाच प्रसंग करायचा, असे आम्ही मुलांनी गृहीत धरले होते. इतिहासाच्या बाईंनी १९४६ चा नाविकांचा उठाव निवडला. आपण परळचे, म्हणून. १८ फेब्रुवारीला कुलाब्याला ‘तलवार’ या नाविक तळावर संप सुरू झाला आणि २२ तारखेला नाविकांच्या पाठिंब्याला गिरण्या बंद पडल्या. त्या दिवसांतल्या गोळीबारात मुंबईत दोनशेहून अधिक माणसे गेली. परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. आमच्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा तेव्हा गिरणीत होते. बाईंनी सांगेपर्यंत आम्ही कोणी घरी त्यांना विचारलेही नव्हते. माझ्या आजोबांनी मग दोन रात्री झोपू दिले नाही, इतके बोलले.

‘तलवार’ हे नौदलाचे सिग्नल शिकवणारे केंद्र. तेव्हा वायरलेस हवाच. फळांच्या पेटीच्या फळ्या, चाळीतल्या मोडक्या रेडिओची बटणे, वायरमनच्या मुलाने आणलेली रंगीत वायर, टॉर्चचे दोन सेल, लाल बल्ब, पितळी पट्टीची कळ आणि मधोमध जुन्या गजराच्या घड्याळाची तबकडी. लेझीम थांबायची, बिगुल वाजायचा, नाविक झालेला मुलगा कळ दाबायचा. बल्ब लुकलुकला की एकेक रांग मूठ वर करायची. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर बातमी पोचते आहे, हे बघणाऱ्याला न सांगता कळायचे. आजवर पाहिलेल्या शालेय प्रसंगांत इतका नेटका प्रसंग मला दुसरा आठवत नाही.

कार्यक्रम संपला. लेझमी, ढोल, झेंडे मोजून घ्यायला मुले नेमलेली होती. वायरलेस कोणाच्याच यादीत नव्हता. ग्रँट रोड स्टेशनच्या जिन्यावर तो आठवला आणि बाई, पी.टी.चे सर आणि आम्ही चौघे मागे पळालो.

मैदानाच्या फाटकापाशी दोर बांधलेला. झाडाखाली आमची पेटी, वायरी बाहेर आलेल्या, बल्ब पेटलेला. एका शेंगदाणेवाल्याने ती पाहिली, पाटी उचलली, आजूबाजूची पोरे हाकलली आणि हवालदाराला गाठले. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांना साडेचार वर्षेही झाली नव्हती. प्लाझा आणि सेंच्युरी बाजार आमच्या रोजच्या वाटेवरचे, आणि त्या दिवशी शहरात २५७ माणसे गेली. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे स्टेशनवर ऐकतच आम्ही मोठे झालो. त्या माणसाने अगदी तेच केले, जे करायला हवे होते. मला त्याचे नावही ठाऊक नाही याची खंत वाटते.

आमच्यातला एक जण ‘अहो, ती आमचीच आहे’ म्हणत दोराखाली वाकला. बाईंनी त्याला दंडाला धरून मागे ओढले. मग त्या इन्स्पेक्टरसाहेबांकडे गेल्या, वहीचे पान फाडले आणि पेटीची आकृती काढून दिली : सेल कुठे, वायर कुठून कुठे जाते, घड्याळात यंत्र नाही, नुसती तबकडी. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकले, कागद खिशात ठेवला आणि म्हणाले, “बाई, तुमच्यावर विश्वास आहे. पण पेटी तुमच्या हातातून सुटल्यावर कोणी हात लावला असेल, ते तुम्हालाही माहीत नाही.” बाई म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं.” आणि आम्हाला घेऊन पार रस्त्यापलीकडे उभ्या राहिल्या.

बॉम्बशोधक पथक आले. श्वान हुंगून बाजूला झाले. मग एकटा माणूस जड पोशाखात चालत गेला, आकडा अडकवून परत आला आणि लांबून दोर ओढला गेला. पेटी उलटली, फळ्या सुटल्या. आमच्यातले दोघे रडले. बाई रडल्या नाहीत. त्या आकडा लावणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आत काय आहे हे आपल्याला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं, तरी तो गेला.”

शाळेत सोमवारी कोणालाही उभे केले गेले नाही, कोणाला शिक्षा झाली नाही. सरांनी सामानाची नवी यादी केली आणि वायरलेस पहिल्या क्रमांकावर लिहिला. दिवाळीनंतर आम्ही दुसरा संच बनवला. त्याच्या चारही बाजूंना लाल ऑइलपेंटने शाळेचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक, आणि सेल काढून वेगळ्या डबीत.

मी आज नाटकांचे नेपथ्य सांभाळतो. दौऱ्यावर बस सुटण्याआधी यादी मोठ्याने वाचतो आणि खोटी पिस्तुले, खोटे टेलिफोन कुलपाच्या पेटीत गेल्याशिवाय निघू देत नाही.

तो दुसरा संच परवापर्यंत प्रयोगशाळेच्या वरच्या कपाटात होता. शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या प्रदर्शनात तो ठेवावा अशी माझी समितीला विनंती आहे. माहितीच्या पाटीवर बाईंचे नाव असावे, आणि ‘एक शेंगदाणेवाला’ हेही लिहावे. कळीची पितळी पट्टी सैल झाली आहे. एका रविवारी येऊन ती मी बसवून देईन.