कित्तूर-नंदगड: इतिहासाच्या क्रमाने जाऊ नका

कित्तूरच्या राणी चन्नम्माची ईस्ट इंडिया कंपनीशी लढाई कित्तूरला, तिची कैद बैलहोंगलला, तिचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णाची फाशी नंदगडला. पुस्तकातला हा क्रम धरून निघणाऱ्याचा दिवस रस्त्यातच जातो. बैलहोंगल कित्तूरच्या उत्तरेला आणि नंदगड पश्चिमेला, त्यामुळे कित्तूर दोनदा लागतं. बेळगावहून सकाळी आधी बैलहोंगल गाठा. कैदेतच 1829 मध्ये वारलेल्या राणी चन्नम्माच्या समाधीला अर्धा तास पुरे.

मग कित्तूर. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने गादीचा दत्तक वारस नामंजूर करून खजिना मोहोरबंद केला आणि 23 ऑक्टोबर 1824 ला इथेच मारला गेला. डिसेंबरात कंपनीची मोठी फौज आली, किल्ला पडला. वाड्याला आता छप्पर नाही, डोक्यावर टोपी हवीच. भिंतीतलं ध्रुवतारा पाहायचं गोल भोक चुकवू नका. सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. 23 ते 25 ऑक्टोबरच्या उत्सवात तर वाडा बघायला जाऊच नये, माणसंच दिसतात.

खरी कटकट पुढे. नंदगडची थेट बस मिळेलच असं नाही, मिळेल त्या गाडीने बिडी गाव गाठून तिथे बदला. रायण्णाच्या माणसांनी 1830 मध्ये जाळलेली सरकारी कचेरी याच बिडीतली. संगोळ्ळी रायण्णा शेतसनदी, म्हणजे चाकरीच्या बदल्यात जमीन खाणारा. संस्थान बुडालं तशी त्याची बरीचशी जमीन जप्त झाली, उरलीवर जबर सारा बसला. राणी कैदेत वारल्यावरही बंड का पेटलं, ते या सातबाऱ्यात आहे.

नंदगडात मराठी चालते, तरी फसायला होतं. रायण्णाचे वड दोन: गावाजवळ समाधीचा, आणि साधारण 4 किलोमीटरवर फाशीचा. टमटमवाल्याला नुसतं ‘रायण्णाचा वड’ म्हटलंत की तो एकाच ठिकाणी सोडतो आणि दुसऱ्याचं भाडं नव्याने सांगतो, तेही आडरानात, जिथे घासाघीस करायला दुसरी गाडी नसते. बसण्याआधीच ‘समाधी आणि फाशीची जागा, जाऊन-येऊन, थांबण्यासकट’ असं बोलून घ्या. अशोकस्तंभ दिसला की ती समाधी. 26 जानेवारीला, म्हणजे 1831 च्या फाशीच्या तारखेला, गर्दी फार. पावसाळ्यात खानापूरकडे यायचं तर रेनकोट आणा, छत्री टिकत नाही.

परतीला खानापूर गाठा, तिथून बेळगावला बस आणि रेल्वे दोन्ही आहेत. नंदगडहून खानापूरची शेवटची बस मात्र उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.