देवकुंडाच्या वाटेवर

मंगळवार, २ डिसेंबर २०२५, रात्री साडेनऊ

गुडघे दुखत आहेत, तळपाय जड झाले आहेत, पण आजचे आजच लिहून ठेवायचे ठरवले आहे. उद्यापर्यंत झाडांची नावे लक्षात राहतील, पण पाण्याचा आवाज ज्या क्रमाने जवळ येत गेला तो क्रम मनातून पुसला जाईल.

रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याला जायचे भाची आणि मी दिवाळीपासून घोकत होतो. पावसाळ्यात तेथे जाण्यास बंदी असते आणि ती योग्यच आहे, कारण वाटेत ओढे ओलांडावे लागतात व ते घटकेत फुगतात. सुट्टीच्या दिवशी गर्दी उसळते म्हणून मंगळवार धरला. पहाटे पाचला पुणे सोडले. पौडच्या पुढे मुळशीच्या जलाशयावर धुके अंथरलेले होते. ताम्हिणी घाट उतरून विळ्याहून उजवीकडे वळलो आणि पाटणूसमार्गे आठच्या सुमारास भिऱ्याला पोहोचलो.

मी जाताना एक प्रश्न बरोबर घेऊन गेले होते. माझे माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. तेथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि माझ्या लहानपणी माघ सरता सरता आमच्या विहिरीचा तळ दिसू लागे. त्यामुळे हिवाळ्यात कोठेही वाहते पाणी दिसले, की पाऊस जाऊन इतके दिवस झाले तरी हे अजून का वाहते आहे, असे माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे त्याचे सोपे उत्तर झाले. परंतु तो पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडून जातो आणि उतार तर असा उभा आहे, की सगळे पाणी दोन दिवसांत समुद्राला मिळायला हवे. मग डिसेंबरात कड्यावरून पडते ते पाणी कोणते?

गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. आमच्याबरोबर आलेला मुलगा पंचविशीतला होता. मला तो मावशी म्हणत होता आणि मी त्याला दादा म्हणत होते. पहिला अर्धा तास वाट भिऱ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने जाते. डाव्या हाताला निळेशार स्थिर पाणी, त्यात डोंगरांच्या सावल्या आणि पलीकडे जलविद्युत केंद्राच्या बाजूचा डोंगर. हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. मुळशीच्या धरणात अडवलेले पाणी बोगद्यातून कड्याच्या टोकाशी आणतात आणि तेथून मोठ्या नळांवाटे सुमारे पाचशे मीटर खाली सोडून त्यावर वीज करतात. मुळा नदीचे जे पाणी भीमा व कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेले असते, ते येथे डोंगर भेदून कुंडलिकेत येते आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कोलाडला नदीत तराफ्यांचे खेळ चालतात तेही याच सोडलेल्या पाण्याच्या बळावर.

तळ्याच्या काठी मी थोडी रेंगाळले, कारण भूगोलाच्या तासाला हा बोगदा सांगताना मुळशीचा सत्याग्रह सांगितल्याशिवाय मी कधीही पुढे गेले नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून मुळशी पेट्याचे मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यांच्याबरोबर होते, आणि बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. धरण झालेच. आज सकाळी धुक्याखाली पाहिलेले पाणी त्या भातखाचरांवर उभे आहे आणि त्यातलेच काही येथे माझ्या पायाशी होते, हे ठाऊक असताना नुसते ‘किती सुंदर’ म्हणून पुढे जाणे मला जमले नाही. भाचीला हे काहीच माहीत नव्हते. तिने दोन-तीन प्रश्न विचारले आणि नंतर बराच वेळ ती गप्प चालत होती.

तळे मागे पडले आणि वाट रानात शिरली, तशी हवाच पालटली. उघड्यावर ऊन चटके देऊ लागले होते, पण आत पाऊल टाकताच अंगावर ओलसर गारवा आला. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ ही झाडे मला ओळखता आली. ऐनाच्या खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी चिरलेली असते, त्यामुळे ते लांबूनही कळते. गारंबीचे वेल मनगटाएवढे जाड होऊन एका झाडावरून दुसऱ्यावर गेले होते. दोन ठिकाणी फांदीच्या बेचक्यात शेणाने लिंपल्यासारखे तपकिरी गोळे दिसले. ती मुंग्यांची घरटी असल्याचे दादाने सांगितले. देवळाच्या उतरत्या छपरांसारखे एकावर एक पापुद्रे चढवून त्या ती बांधतात. उंच शेंड्यात काटक्या-पानांचा एक मोठा पसारा होता, तो शेकरूचा. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते, त्यामुळे घरटे दिसले तरी ते आत असेलच असे नाही. आम्ही माना दुखेपर्यंत पाहिले, पण ते दिसले नाही. हाक मात्र दोनदा ऐकू आली.

चढाच्या बाजूला सगळी कारवी होती. सात वर्षांतून एकदा फुलते म्हणून तिचे कौतुक होते. एरवी तिच्याकडे कोणी पाहत नाही, पण मला तीच या दरीतली सर्वांत कष्टाळू वनस्पती वाटते. तिचे दाट रान उतारावरची माती मुळांनी घट्ट धरून ठेवते. दादाच्या आजोबांच्या घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्याच होत्या. मी तिच्या बुडाशी काठी खुपसून पाहिली. वर वीतभर पाचोळा होता. वरची पाने कोरडी आणि करकरीत, त्याखालची मऊ, आणि अगदी खालची काळ्या मातीत मिसळून गेलेली. मूठभर माती उचलून दाबली तर तळहात ओला झाला. यंदा पाऊस ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत रेंगाळला हे खरे, तरीही त्यानंतर महिनाभर ऊन खाल्लेली ती माती होती. माणमध्ये लोकांनी उन्हातान्हात डोंगरावर सलग समतल चर खणले, ते धावत्या पाण्याला थांबवण्यासाठी. येथे तेच काम पाने, मुळे आणि किडेमुंग्या कोणी न सांगता करत आहेत. माझ्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला तुकडा मला त्या ओल्या तळहातावर मिळाला.

पुढे ओढा आडवा आला. दगडांवरून पाय टाकत ओलांडताना मी दादाला विचारले, की हे पाणी केव्हापर्यंत चालते. तो म्हणाला, “हा पऱ्ह्या शिमग्यापर्यंत असतो, मावशी. मग वरनं दिसत नाही, पण दगड हलवला तर खाली लागतो.” किती नेमके उत्तर होते ते! ओढा आटला असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा तो जमिनीखाली उतरलेला असतो. दगडांवर एक करडा धोबी शेपूट वरखाली हलवत फिरत होता. हिमालयाच्या थंडीतून येऊन हा पक्षी सह्याद्रीच्या ओढ्यांवर हिवाळा काढतो. पोटाकडचा त्याचा पिवळा रंग काळ्या खडकावर फार खुलून दिसत होता.

धबधबा दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येतो, पण तो आवाज एकदम येत नाही. आधी पानांत वारा शिरल्यासारखे वाटले. मी थांबून वर पाहिले, तर शेंडे स्थिर होते. पुढच्या वळणावर तो बंद झाला, कारण मध्ये डोंगराची सोंड आली होती. सोंड ओलांडल्यावर तो पुन्हा आला, या वेळी खालच्या पट्टीत, सतत, जात्याच्या घरघरीसारखा. शेवटच्या टप्प्यात मोठाल्या शिळांमधून हात टेकत चढताना मात्र आपण बोललेले शेजारच्याला ऐकू जाईना, आणि मग शिळा संपून समोर कुंड उघडले.

तिन्ही बाजूंनी काळे कडे सरळ उभे आहेत आणि समोरच्या कड्याच्या खाचेतून पाण्याची एकच धार मध्ये कोठेही न टेकता थेट कुंडात पडते. पावसाळ्यातल्या चित्रांत दिसतो तसा तो लोंढा नव्हता. वाऱ्याची झुळूक आली की धार थोडी झुकायची आणि तुषार आमच्या तोंडावर यायचे. पाणी काठाशी तळ दिसेल इतके स्वच्छ आणि मध्यभागी गडद हिरवे होते. कुंडलिकेचा उगम येथेच मानतात.

सत्तावीस वर्षे मी फळ्यावर धबधब्याची आकृती काढली. वर कठीण खडक, खाली मऊ खडक, मऊ झिजला की वरचा पुढे आलेला भाग तुटून पडतो, कडा मागे सरकतो, पायथ्याशी पाणी व दगड गरगर फिरून कुंड कोरतात. पुस्तकात उदाहरण नायगाराचे असायचे. आज शिळेवर बसून मी तीच आकृती समोरच्या कड्यावर शोधली. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झाला. त्यातले काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे आहेत, तर काही बारीक छिद्रांचे, ज्याला विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा भाजलेल्या विटेसारखा पट्टा असतो. पाणी भेगांतून आणि छिद्रांतून सावकाश खाली झिरपते, पण अशा न झिरपणाऱ्या पट्ट्याशी आले की अडते, आडवे वळते आणि कड्याच्या तोंडाशी झरा होऊन बाहेर पडते. फळ्यावर हे मी बाणांनी दाखवत असे. येथे ते नेच्यांनी दाखवले होते. मुख्य धारेपासून दूर, जेथे वरून एक थेंबही पडत नव्हता, तेथे कड्याच्या मध्यावर नेच्यांची आणि शेवाळाची एक हिरवी आडवी रेघ पट्टीने आखल्यासारखी गेली होती. रेघेच्या वरचा खडक कोरडा होता आणि खालचा ओलाव्याने चमकत होता. जुलै-ऑगस्टात पाचोळ्याने धरलेला, मातीने खाली सोडलेला आणि खडकाने आपल्या भेगांत साठवलेला पाऊस त्या रेघेतून आज, डिसेंबरात, थेंब थेंब बाहेर येत होता. घाटमाथ्यावरचे असेच असंख्य थेंब एकत्र होऊन ती धार झाली होती. मी भाचीला हाक मारून ती रेघ दाखवली. सत्तावीस वर्षांत ही आकृती एवढ्या आनंदाने मी कोणालाच समजावली नव्हती.

कुंडात उतरायचे नव्हतेच. दादाने आल्या आल्या बजावले होते, की काठाशी पाय बुडवा, मध्ये जायचे नाही. धार पडते तेथे पाण्यात हवा इतकी मिसळते, की ते पोहणाऱ्याला नीट तोलून धरत नाही, आणि वरून पाण्याबरोबर दगडही येतात. येथे माणसे बुडालेली आहेत, आणि त्यातल्या काहींना बाहेर काढायला याच गावातली मुले पाण्यात उतरली होती. तो हे अगदी शांतपणे सांगत होता. ऐकून आम्ही दोघींनी पाय आणखी थोडे मागे घेतले.

पाऊण तास बसलो. बरोबरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिघांनी वाटून खाल्ली. शिळांच्या फटीत कोणी टाकलेल्या बाटल्या आणि वेष्टने होती, ती पाहून जीव कळवळला. दादाने खिशातून पिशवी काढली आणि आम्ही तिघांनी मिळून ती भरली. तो हे रोज करतो.

परतताना उन्हाचा ताव वाढला होता. याच भिऱ्यात मार्च २०१७ च्या अखेरीस तापमान ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली होती. झाडी संपून तळ्याकाठच्या उघड्या वाटेवर आलो तेव्हा डिसेंबर असूनही अंगाची लाही झाली. मी मागे वळून पाहिले. दरी वरपर्यंत हिरवी गच्च दिसत होती, पण घाटातून येताना माथ्यावर काही ठिकाणी तोडलेले रान आणि सपाट केलेली जमीनही पाहिली होती. तेथे पडलेला पाऊस आता कोठे थांबत असेल, या विचाराने गाडीत बसेपर्यंत माझी पाठ सोडली नाही.

घरी आल्यावर आंघोळ करून आधी भावाला फोन लावला. परवा दत्तजयंती, म्हणून त्याला वाटले की त्यासाठीच केला असेल. मी विचारले, “विहिरीला पाणी किती आहे रे?” तो मळ्यातच होता. थांब म्हणाला आणि विहिरीवर गेला. आमच्याकडे विहिरीचे पाणी परसांत, म्हणजे माणसाच्या उंचीने मोजतात. यंदा मे महिन्यापासूनच आमच्याकडे पाऊस चांगला झाला आहे. फोनमध्ये त्याच्या पायांखालच्या वाळक्या गवताचा आवाज येत होता. मग त्याने एक खडा टाकला असावा, कारण खोलवरून ‘डुबुक’ असे ऐकू आले.

“तीन परस आहे गं, ताई,” तो म्हणाला.