कुमारांच्या पुस्तकात लैंगिक अत्याचाराचा विषय हवाच

"एवढ्या लहान वयात असलं कशाला वाचायला द्यायचं?" हे कितीतरी आईबाबांच्या तोंडून ऐकलंय आणि दरवेळी मनात येतं, ज्या मुलाच्या बाबतीत हे आधीच घडतंय त्याचं काय? त्रास देणारा काही त्याचं वय बघून थांबला नव्हता.

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत पाहणी करून अहवाल काढला होता, त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्तच होते. बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे असलं वाचायला नको म्हणून आपण ज्या वर्गाला जपतोय त्याच वर्गात ही मुलं बसलेली असतात, गप्प.

अमेरिकेत १९९९ ला लॉरी हॉल्स अँडरसनची 'स्पीक' ही कुमार कादंबरी आली. नववीतली मेलिंडा, एका पार्टीत तिच्यावर बलात्कार होतो, ती पोलिसांना फोन करते, पार्टी बंद पडते आणि कारण माहीतच नसल्याने सगळी शाळा तिच्यावरच चिडते. मग ती हळूहळू बोलणंच सोडते. २०१० मध्ये मिसुरीत एका प्राध्यापकाने पेपरात लेख लिहून हे पुस्तक अश्लील ठरवलं होतं. मला खरंच कळत नाही, बलात्काराच्या वर्णनात अश्लील वाटण्यासारखं काय दिसलं असेल.

आपल्या कुमार कादंबऱ्यांत साहस आहे, रहस्य आहे, विज्ञान आहे, आणि ते सगळं हवंच, पण घरातलाच माणूस त्रास देतोय हे फार क्वचित येतं. 'गुड टच बॅड टच' पहिली-दुसरीला ठीक आहे हो, चौदाव्या वर्षी गुंता वेगळा असतो. त्रास देणारा दादा किंवा क्लासचे सर बाकी सगळ्यांशी छान वागतात, आईला त्यांचं कौतुक असतं, त्यांनी मोबाईलचा रिचार्ज मारून दिलेला असतो आणि तो आपण घेतला म्हणजे चूक आपलीच असं त्या पोराला वाटत राहतं. हे पोस्टरवर मावत नाही, त्याला गोष्टच लागते, दोनशे पानं त्या पोराच्या डोक्यात बसून वाचावी लागते.

आणि पुढचंही दाखवा ना. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात किती गोष्टी आहेत ज्या मुलांना माहीतच नसतात, जबाब मुलाच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी येते, पोलिसांनी युनिफॉर्म घालायचा नसतो, कोर्टात आरोपी समोर दिसू द्यायचा नाही. पोलीस म्हटलं की पोरांची बोबडी वळते, तिथे साध्या ड्रेसमधली एक बाई हॉलमध्ये बसून शांतपणे ऐकून घेतेय असा एक नीट लिहिलेला प्रसंग असेल तर वाचणाऱ्याची निम्मी भीती जाईल.

लिहिणाऱ्यांकडून एवढंच हवंय की चवीने वर्णन करू नका, आणि पहिल्यांदा सांगितल्यावर मोठ्यांनी विश्वास ठेवला नाही तर तेही लपवू नका, दुसऱ्या कुणालातरी सांगणारं पोर दाखवा. प्रकाशकांनी मागच्या पानावर मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर ठळक छापावा, तो फुकट लागतो.