शेवटचा हात: इंदिरानगरचा फ्लॅट विकताना

सासऱ्यांचा नाशिकच्या इंदिरानगरमधला जुना टू बीएचके आम्ही विकायला काढला, तेव्हा मोठी कामं सगळी उरकलेली होती. नवी फरशी, नवं वायरिंग, बाथरूमचं प्लंबिंग, ग्रॅनाइटचा ओटा. हाताशी होता तो पैसाही त्यातच गेला होता. तरी बघायला येणारी माणसं दहा मिनिटं फिरायची, 'घरी बोलून कळवतो' म्हणायची आणि बोगद्याच्या दिशेने निघून जायची. फरशीला कुणी नाव ठेवलं नाही. पण नळ सोडून बघताना, दार लावताना, खिडकी सरकवताना त्यांचा चेहरा उतरायचा, हे माझ्या लक्षात यायला लागलं.

त्यांचंही बरोबरच होतं. भिंतीच्या आतलं वायरिंग त्यांना दिसत नाही, दिसतो तो वाकडा बसलेला स्विचबोर्ड. आतला पाइप दिसत नाही, दिसतो तो ठिबकणारा नळ. समोरचं काम असं असेल तर आतलं कसं असेल, असा हिशेब प्रत्येक जण करतो. मी घर घ्यायला गेले असते तर मीही तोच केला असता.

पितृपक्ष लागला होता. त्या पंधरवड्यात घराची बोलणी फारशी कुणी करत नाही, घटस्थापनेनंतर पुन्हा माणसं फिरायला लागतात. तेवढा वेळ आम्ही धरला. माझी जाऊ आणि मी वही घेऊन जिन्यापासून सुरुवात केली आणि ठरवलं की आता एकही मोठं काम काढायचं नाही. जिथे माणसाचा हात लागतो, नजर अडते किंवा वास येतो, तेवढंच करायचं. वहीची चार पानं भरली, पण त्यातलं बहुतेक काही शंभर-दोनशे रुपयांचं होतं.

कामगार गेल्यावर मागे काय काय राहतं, ते आधी दिसलं. सिंकवर कंपनीचं स्टिकर, बाथरूमच्या दारावर अर्धवट सोललेलं प्लास्टिक, स्कर्टिंगवर सिमेंटचे ओघळ, काचांवर रंगाचे शिंतोडे. काचेवरचा रंग कोमट साबणाच्या पाण्याने भिजवून ब्लेड तिरकं धरलं की निघतो. कोरड्यावर खरवडला तर चरे पडतात. सफाईला आलेल्या माणसाने फरशीवर ॲसिड मारायची तयारी केली होती, ती मी थांबवली. मीठाच्या ॲसिडने फरशी चमकते, पण सांध्यांमधलं सिमेंट खाल्लं जातं आणि त्याच्या वाफेने स्टीलच्या फिटिंग्ज काळवंडतात. आमच्या खिडक्यांना कडप्प्याचे कट्टे आहेत. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, कुठलंही आम्ल पडलं की त्याचा तुकतुकीतपणा गेलाच. तिथे नुसतं साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश वापरला. नळांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर होता, त्याला मात्र लिंबूफूल. पाण्यात विरघळवून फडकं भिजवायचं, नळाला गुंडाळून थोडा वेळ ठेवायचं आणि स्वच्छ धुवायचं. नळाच्या तोंडाची जाळी काढून त्याच पाण्यात टाकली तर आतून केवढी तरी रेती निघाली. धार सरळ पडायला लागली. नवा नळ घ्यायची गरजच उरली नाही.

वासाचं कोडं असंच सोप्यात सुटलं. बंद घर उघडलं की बाथरूममधून गटाराचा दर्प यायचा आणि प्लंबिंग तर नवं होतं. आमच्या नेहमीच्या प्लंबरकाकांनी आत पाऊलही न टाकता विचारलं, "ताई, शेवटचं पाणी कधी सोडलं होतं?" जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये जे पाणी साचून राहतं, तेच गटारातली हवा अडवतं. घर बंद राहिलं की ते उडून जातं आणि मग वासही येतो, झुरळंही येतात. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतलं, वास गेला. त्यानंतर कुणी बघायला येणार असलं की आदल्या दिवशी पाणी ओतायचं आणि सगळ्या खिडक्या उघडायच्या, एवढं आम्ही पाळलं. उग्र अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनर मी मुद्दाम लावला नाही. तसा वास आला की काहीतरी झाकलंय, असं मला स्वतःला वाटतं.

आता त्या हॉलच्या भिंतीबद्दल. पश्चिमेच्या खिडकीखाली रंग फुगला होता, बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला लागायची. लोणा. रंगाऱ्याचं म्हणणं होतं, खरवडून पुट्टी मारू, दोन हात रंग देऊ, दिवाळीपर्यंत कळणारही नाही. कामात तो चांगला होता, पण हे मला पटेना. दिवाळीनंतर त्या घरात कुणीतरी राहणारच होतं. आणि ओल जिथून येते ती जागा सापडल्याशिवाय लोणा परत येतोच, कारण पाणी भिंतीतून बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि पुट्टीला उचलून टाकतं.

आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून आधी संशय बाहेरच्या प्लास्टरवर होता. बाहेर तडा नव्हता. मग स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याने पाणी ओतून बघितलं. त्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, पावसाचं पाणी तिथून बाहेर पडावं म्हणून. आमच्या खिडकीची दोन्ही भोकं कामाच्या वेळी सिमेंटने बुजली होती. पाणी ट्रॅकमध्ये काठोकाठ भरलं, थोडं थांबलं आणि मग आतल्या कडेवरून कडप्प्याच्या खाली उतरायला लागलं. बारीक स्क्रूड्रायव्हरने भोकं मोकळी केली, जुन्या टूथब्रशने ट्रॅक घासला आणि पुन्हा पाणी ओतलं. या वेळी ते बाहेरच्या बाजूला धारेने पडलं. घरभर प्रत्येक खिडकीला हेच केलं. कडप्पा आणि भिंतीच्या सांध्यात सिलिकॉन भरलं. भिंतीचा फुगलेला भाग प्लास्टरपर्यंत खरवडून, कोरड्या ब्रशने पूड झाडून तो तसाच उघडा ठेवला. रंगारी रोज विचारायचा, मी रोज हात लावून बघायचे. पूर्ण सुकल्यावरच प्रायमर, पुट्टी आणि रंग.

सिलिकॉनच्या कामात कौशल्यापेक्षा सावकाशपणा लागतो. ओट्याच्या मागे ग्रॅनाइट आणि टाइल जिथे भेटतात, तिथे कामगारांनी व्हाइट सिमेंट भरलं होतं आणि त्याला केसाएवढी फट पडली होती. ते कोरून काढलं, जागा पुसून कोरडी केली. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवली, नळीचं तोंड तिरकं कापलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता ओढत नेलं. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच वरून फिरवायचं आणि वर साय धरायच्या आत टेप उचलायची. मग २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. टेप निघाल्यावर जी सरळ रेघ दिसते, तिच्यामुळे सगळा ओटा नव्याने बसवल्यासारखा वाटतो. बाथरूमच्या टाइल्सचे काळपट सांधे खरवडून नवं ग्राउट भरलं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण बाथरूममध्ये याच्याइतका फरक कशानेच पडला नाही.

दारं पावसात फुगली होती. सुताराने कडेला रंधा मारला आणि मी त्याच्याकडून वरची-खालची कडही प्रायमरने बंद करून घेतली. या दोन कडा कुणाला दिसत नाहीत म्हणून त्या उघड्या सोडतात आणि दमट हवा तिथूनच लाकडात शिरते. बिजागरीचे स्क्रू फिरत होते, त्या भोकांत फेविकॉल लावून लाकडाची काडी ठोकली आणि स्क्रू परत आवळले. प्रत्येक दाराला डोअर स्टॉपर लावला, म्हणजे हँडल भिंतीवर आपटत नाही.

मुख्य दाराची पितळी कडी सासूबाईंच्या आग्रहाने जुन्या वाड्यातून आणलेली आहे. वर्षानुवर्षं ती काळी पडलेली होती. बदलून स्टीलची लावू, असं सगळ्यांचं मत झालं होतं. पण आधी तिला चिंचेचा कोळ चोळला, मग पितांबरी, मग कोरडं फडकं. भांडी बाजारातल्या दुकानात ठेवतात तशी ती उजळली. नंतर जो आला त्याने ती कडी एकदा तरी हलवून बघितली. खर्च काहीच नव्हता.

दिव्यांवर मात्र मी पैसे खर्च केले. इलेक्ट्रिशियनने घरभर ६५०० केल्विनचे पांढरेशुभ्र एलईडी लावले होते. नोकरी करणारी माणसं घर बघायला संध्याकाळीच येतात आणि त्या उजेडात आमचा बदामी रंग राखाडी दिसायचा. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, स्वयंपाकघरात ४००० चे बल्ब लावले. एका खोलीत दोन रंगांचे दिवे ठेवले नाहीत. जिन्यातला आमच्या मजल्याचा दिवा सोसायटीचा, पण चेअरमनना विचारून तोही स्वतःच बदलला. घराची पहिली ओळख जिन्यातच होते.

मोकळ्या खोलीचा अंदाज लोकांना येत नाही. पलंग बसेल का, कपाटाचं दार उघडेल का, हे नुसत्या फरशीवरून कळत नाही. जावेने तिच्याकडचा पलंग दिला, दोन वेताच्या खुर्च्या आणल्या. पडद्यांचे रॉड खिडकीच्या बरेच वर लावले आणि साधे सुती, जमिनीपर्यंत येणारे पडदे सोडले. बाल्कनीत तुळस आणि शेवंतीच्या कुंड्या. सासऱ्यांचा हार घातलेला फोटो आम्ही घरी आणला. ते सासूबाईंना जड गेलं आणि मी त्यांना घाई केली नाही. त्यांनी स्वतःच एका सकाळी नमस्कार करून तो उतरवला. देव्हारा मात्र रिकामा, स्वच्छ पुसून जागेवर ठेवला, कारण आपले देव कुठे बसतील हे मराठी घर घेणारी बाई बघतेच.

फॉल्स सीलिंग, वॉलपेपर, बाल्कनीतलं खोटं गवत हे सगळे सल्ले मिळाले. एकही ऐकला नाही. ते ज्याच्या त्याच्या आवडीचं असतं आणि काढायला पुन्हा पैसे लागतात. त्यापेक्षा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, शेवटची लाइट बिलं आणि नव्या वस्तूंची वॉरंटी कार्डं एका फाइलमध्ये लावली आणि ती ओट्यावर ठेवली.

घटस्थापनेनंतर माणसं यायला लागली आणि या वेळी ती रेंगाळायची. नाशिकरोडहून एक जोडपं आलं, काका नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. काकूंनी सगळे नळ सोडले, सगळी दारं लावून बघितली, बाथरूमची जाळीसुद्धा उचलली. काका त्या पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबले आणि म्हणाले, "इथे ओल होती का हो?" रंग ताजा असूनही त्यांच्या नजरेने ते हेरलं. मी सगळं सांगितलं, खरवडलेल्या भिंतीचे फोटो दाखवले आणि तांब्या आणून ट्रॅकमध्ये पाणी ओतलं. ते खिडकीबाहेर वाकून पाणी पडताना बघत राहिले. मग त्यांनी स्वतः तांब्या घेतला आणि बेडरूमच्या खिडकीत ओतून बघितलं.

दसऱ्याला त्यांनी विसार दिला. भावात थोडी ओढाताण झाली, ती होतेच, पण दुरुस्तीच्या नावाखाली त्यांनी एक रुपयाही कमी करायला सांगितला नाही. खरेदीखताच्या दिवशी किल्ल्यांबरोबर आम्ही त्यांना उरलेल्या टाइल्सचा खोका, ग्राउटची शिल्लक पिशवी आणि शेड नंबर लिहिलेला रंगाचा डबा दिला. काकूंनी पडद्यांचे रॉड तसेच ठेवाल का विचारलं. पडद्यांसकट ठेवले.