आमची वाटचाल : स्लॉट उघडता कामा नये

भोसरीत गाळा घेऊन आम्ही दातांच्या ब्रॅकेटचं, म्हणजे दात सरळ करायला दातावर चिकटवतात त्या धातूच्या छोट्या तुकड्याचं, काम सुरू केलं, तेव्हा आजूबाजूला सगळे ऑटोचे पार्ट करणारे. सुरुवातीची वर्षं बरी गेली. सांगायचंय ते १७-४ पीएच या तापवून कडक करता येणाऱ्या स्टेनलेस स्टीलबद्दल.

३१६एल हे नेहमीचं स्टेनलेस स्टील तोंडात गंजाला उत्तम टिकतं, पण मऊ. ॲनील केलेलं (तापवून मऊ केलेलं) असताना त्याची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमचं वाकण्याआधी सोसता येणारा ताण, २०० मेगापास्कलच्या आसपास. १७-४ पीएच ४८२ अंश सेल्सिअसवर तासभर एजिंग करा, म्हणजे तापवून कडक करा, ११७०च्या घरात जातं. ब्रॅकेटच्या ०.०२२ इंची स्लॉटमध्ये, म्हणजे वायर बसते त्या खाचेत, ०.०१९ बाय ०.०२५ इंचाची वायर पीळ देऊन बसवली, की सगळा जोर स्लॉटच्या भिंतींवर येतो. भिंत जराशी जरी उघडली तरी टॉर्क, म्हणजे दाताला वळवणारा पीळ, मुळापर्यंत पोचत नाही. म्हणून आम्ही विंग (स्लॉट असलेला वरचा भाग) १७-४ची आणि बेस (दातावर चिकटणारा भाग) ३१६एलचा ठेवला. जोड लेझरचा, कारण चांदीचं ब्रेझिंग लाळेत गंजतं. खर्च वाढला, पण माल तसाच ठेवला.

मग बाजारात हुबेहूब आमच्यासारखा ब्रॅकेट आला. पाकिटावर १७-४ आणि भाव निम्मा. आमच्या सर्वांत मोठ्या डीलरने ऑर्डर थांबवल्या, मागचे पैसेही अडकवले. ‘स्टील ते स्टील,’ म्हणाला. मी त्याच्या टेबलावर कागद पसरून दोन्ही ब्रॅकेट ठेवले आणि चुंबक जवळ नेला. आमची विंग टपकन चिकटली, त्यांचा ब्रॅकेट जागचा हलला नाही. १७-४ चुंबकाला धरतं, ३१६एल धरत नाही, एवढं कुणालाही कळतं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, ‘गिऱ्हाईक चुंबक घेऊन येत नाही.’ ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. घरचं सोनं गहाण टाकून कामगारांचे पगार केले.

तगलो ते सांगलीच्या एका डॉक्टरांमुळे. पुढच्या दातांचा टॉर्क येत नाही म्हणून त्यांनी पेशंटच्या तोंडातून काढलेले दोन्ही कंपन्यांचे ब्रॅकेट आमच्याकडे पाठवले. आमच्या फोरमननी ते प्रोफाइल प्रोजेक्टरवर (सावली मोठी करून आकार मोजायच्या यंत्रावर) लावले. आमच्या स्लॉटच्या भिंती समांतर होत्या, दुसऱ्याच्या तोंडाशी फाकलेल्या. डॉक्टरांनी त्या दिवसापासून दुसरा माल घेतला नाही, विद्यार्थ्यांनाही तेच सांगितलं.

टायटॅनियमची विचारणा होते. निकेलची ॲलर्जी असेल तर जरूर घ्या, कारण १७-४मध्येही ३ ते ५ टक्के निकेल असतंच. पण टायटॅनियमची ताठरता स्टीलच्या जेमतेम निम्मी, तेवढ्याच जोराला विंग जास्त लवते. सरसकट सगळ्यांना ते लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी एकाच डीलरवर सगळा माल टाकू नये आणि उधारीची मुदत कागदावर घ्यावी. डॉक्टरांनीही पाकिटावरच्या आकड्यावर न जाता हीट नंबर (स्टील कुठल्या ओतणीतलं ते सांगणारा क्रमांक) आणि टेस्ट सर्टिफिकेट मागावं. आम्ही प्रत्येक लॉटबरोबर देतो.