आमची वाटचाल : रात्री साडेदहाची व्हिजिट

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवर आमचं जागांच्या दलालीचं दुकान आहे. दहा बाय आठ. 1995 च्या पाडव्याला उघडलं तेव्हा आत एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर चाव्यांचा फळा, एवढंच होतं. फोन शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याचा. कार्डावर नंबरापुढे ‘पीपी’ छापलेलं. लॉन्ड्रीवाला हाक मारायचा, "अहो, पार्टी आहे," की आम्ही धावत जायचो आणि इस्त्रीच्या वाफेत उभं राहून डिपॉझिटची घासाघीस करायचो.

आम्ही म्हणजे मी आणि अण्णा. अण्णा मूळचे लालबागचे. 1982 च्या संपात गिरणीच्या ऑफिसातली नोकरी गेली आणि माणूस दलालीत आला. तेव्हा दलालच म्हणत, एजंट वगैरे नंतर. धंदा मला त्यांनीच शिकवला. दुकानात भांडवल माझं, अक्कल त्यांची.

फळ्याबद्दल थोडं सांगतो, कारण आता असे फळे दिसत नाहीत. सगळं मोबाइलवर आलं. प्लायवूडचा तुकडा, त्यावर चाळीस खिळे, प्रत्येक खिळ्याला चावी आणि चावीला पुठ्ठ्याचा बिल्ला. बिल्ल्यावर बिल्डिंग, विंग, खोली नंबर, भाडं. आणि खालच्या कोपऱ्यात अण्णांच्या बारीक अक्षरात मालकाची अट. ‘फॅ.’ म्हणजे फक्त फॅमिली. ‘बॅ. ना’ म्हणजे बॅचलर नको. ‘व्हे.’ म्हणजे फक्त शाकाहारी, मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. काही बिल्ल्यांवर लाल पेन्सिलीची नुसती फुली असायची. त्या फुलीचा अर्थ आम्ही दोघंच जाणत होतो आणि मोठ्यानं कधी बोललो नाही. फुलीकडे मी पुन्हा येणार आहे.

चावी मिळाली की पार्टीला लगेच न्यायचं नाही, हा अण्णांचा नियम. आधी आपण एकट्यानं जायचं, दोनदा. एकदा नळाला पाणी येतं त्या वेळेला आणि एकदा रात्री. हातात मेजरिंग टेप, खिशात बॅटरी. टेप तीस मीटरची, चामड्याच्या डबीतली, अण्णांनी दादरहून आणलेली. बिल्डर ‘सुपर बिल्ट-अप’, म्हणजे जिना-लॉबी धरूनचं क्षेत्रफळ, सांगायचे त्या काळात ती टेप उघडली की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. 650 चौरस फूट म्हणून सांगितलेली जागा आतून 430 भरायची. रेरानं, म्हणजे घरबांधणी व्यवहारांच्या कायद्यानं, कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर, विकायची सक्ती केली ती 2017 मध्ये. आम्ही पार्टीच्या वहीत कार्पेट लिहून देत होतो त्याच्या कितीतरी आधी. याचं श्रेय कुणी देत नाही, म्हणून स्वतःच घेतो.

आमच्या एक बाई आहेत, पोस्टात होत्या. 1997 मध्ये वन आरके आमच्याकडून घेतलं, 2004 मध्ये ते विकून वन बीएचके, मग मुलाची जागा, मग बहिणीची. प्रत्येक वेळी दलाली पाकिटात, वर एक रुपयाचं नाणं चिकटवून. कधी दहा रुपये कमी केले नाहीत आणि कधी माझ्या शब्दावर विश्वासही ठेवला नाही. जागा बघायला येताना पिशवीत रिकामी बाटली असायची. वॉचमनकडून नळाचं पाणी भरून घ्यायचं आणि घरी जाऊन त्यात तूरडाळ शिजत लावायची. डाळ फुटली नाही, दाणा कच्चा राहिला, तर पाणी जड, म्हणजे त्यात बोअरिंग किंवा टँकर मिसळत असणार, हा त्यांचा हिशेब. मग बाईंचा फोन, "दुसरी दाखवा." पंप नवा आहे, टाकी मोठी आहे, काही ऐकायच्या नाहीत. मी आजही पार्टीला हा डाळीचा प्रयोग सांगतो, पण त्यातून पाण्याचा जडपणाच कळतो, रिपोर्टची जागा तो घेत नाही.

आता मुद्दा. घर दाखवणाऱ्यानं परिसराबद्दल बोलावं का? आमच्या लाइनीत सरळ उत्तर आहे, बोलू नये. चार भिंती दाखव, कागद दाखव, टोकन घे. समोरच्या फुटपाथवर माझ्यानंतर दोन वर्षांनी काच लावून ऑफिस थाटणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी याच उत्तरावर दोन गाड्या घेतल्या. नाव घेत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, सगळ्या मुंबईनं पाणी पाहिलं. त्यानंतर वर्षभर प्रत्येक पार्टीचा पहिला प्रश्न, "इथं पाणी भरतं का?" या गृहस्थांनी तळमजल्यांच्या जागांना आतून गुडघ्याच्या वरपर्यंत गडद ऑइलपेंट मारून घ्यायला मालकांना सांगितलं. पाण्याची रेघ दिसेनाशी झाली. तळमजला बघायला जाल तर भिंत बघू नका. दरवाजाच्या चौकटीचं खालचं टोक नखानं दाबा. लाकूड फुगलेलं असेल तर रंगाचं काही ऐकू नका. आणि मीटरचा बॉक्स नंतर वर सरकवलाय का तेही बघा, जुन्या स्क्रूंची भोकं राहतात.

आमच्यावर वेळ आली ती 2009 मध्ये.

हरिओम नगरच्या बाजूला एका बिल्डरचं काम चालू होतं. त्यांचंही नाव नको. आमच्याकडून अकरा बुकिंगं झाली होती. दोन टक्के दलाली ठरलेली, हिशेब सात लाखांच्या वर जात होता. एवढी रक्कम आमच्या दुकानानं तोवर एकत्र पाहिली नव्हती. अण्णांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, हॉलचा ॲडव्हान्स त्यांनी त्याच भरवशावर दिला.

हरिओम नगर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जवळच डम्पिंग ग्राउंड. त्यातून जागा मुंबई महापालिकेच्या हद्दीत, पण टोलनाक्याच्या पलीकडे. म्हणजे गाडी घेऊन आपल्याच मुलुंड स्टेशनला यायचं तरी टोल. ऑक्टोबर 2024 मध्ये छोट्या गाड्यांचा टोल गेला तेव्हा तो जाच संपला. आम्ही बुकिंग घेताना टोल सांगत होतो. डम्पिंग तर दिसतच होतं. वासाचं मात्र आम्ही, खरं सांगायचं तर, पार्टीनं विचारलं तरच सांगत होतो. व्हिजिट सकाळी अकराची ठेवायची. तेव्हा वारा वाहता असतो, फारसं जाणवत नाही. रात्री वारा पडला की मग ते खाली बसतं. ओला कचरा, जळकं प्लास्टिक आणि गोडसर असं काहीतरी, पडद्यांना धरतं.

बारावं बुकिंग करायला एक जोडपं आलं. दोघंही नोकरीवाले, सहा वर्षांचा मुलगा. मी फॉर्म भरत होतो आणि मुलाच्या आईनं पर्समधून पंप काढून त्याच्या तोंडाला लावला. निळा इनहेलर. एक फवारा, दहा आकडे, दुसरा फवारा. मुलगा सवयीनं श्वास धरून बसला होता, माझ्या टेबलावरचा स्टेपलर बघत. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "चेक आज देऊ नका. आज रात्री साडेदहाला या, मी तिथं उभा राहतो."

आले. पाच मिनिटं उभे राहिले. नाकाला रुमाल लावून मुलाच्या वडलांनी माझा हात धरला आणि गेले. इथवर ठीक होतं. पण त्यांच्या ऑफिसातल्या दोघांनी तिथंच बुक केलं होतं, त्यांच्यापर्यंत बातमी गेली, आणि पंधरा दिवसांत अकरातली चार बुकिंगं रद्द झाली.

बिल्डरनं बोलावून घेतलं. खुर्ची दिली नाही. "तुम्ही एजंट आहात की महापालिकेचे आरोग्य अधिकारी?" उरलेल्या सात बुकिंगांची दलालीही दाबली, आणि मुलुंड-भांडुपच्या बाकीच्या बिल्डरांना फोन गेले की या माणसाला साइटवर उभं करू नका. ते काम कुणाला मिळालं हे सांगायची गरज नाही. समोरच्या काचेवर आठवड्याभरात बॅनर लागला.

अण्णांनी एकच विचारलं, "तुला कुणी विचारलं होतं?" मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंत ना, रात्री जायचं. ते म्हणाले, "आपण जायचं असं शिकवलं होतं. पार्टीला न्यायचं असं नव्हतं शिकवलं." लग्न पार पडलं, माझ्या बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, कारण अण्णांचा वाटा मी देणं लागत होतो. दिवाळीनंतर अण्णा समोरच्या काचेत जाऊन बसले. माझ्या दुकानातून ते सरळ दिसायचे. त्यांची पाठ माझ्याकडे. खुर्ची त्यांनीच फिरवून घेतली असावी.

चौदा महिने नुसत्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाड्याच्या करारांवर, काढले. एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली, त्यातही मालक अर्धी देतो आणि अर्धी ‘नंतर’. त्या काळात पोस्टातल्या बाईंनी सहा पार्ट्या पाठवल्या. दुकान त्यावर तगलं. मग गाडी रुळावर आली. 2011 ते 2016 मध्ये सांगण्यासारखं काही नाही, धंदा झाला. नोटाबंदीत मंदी, मग रेरा, मग कोविडमध्ये स्टॅम्प ड्युटी दोन टक्क्यांवर आली तेव्हा डिसेंबर 2020 मध्ये रजिस्ट्रेशनला उडालेली झुंबड, ते सगळ्यांनीच पाहिलंय.

आता गंमत ऐका. मुलुंडचं डम्पिंग 2018 मध्ये बंद झालं. तिकडचे भाव चढले. 2021 मध्ये मला फोन आला, त्या इनहेलरवाल्या मुलाच्या वडलांचा. "तुमचं ऐकलं नसतं तर आज आमची जागा दुपटीनं गेली असती." मी विचारलं, मुलगा कसा आहे? म्हणाले, "बरा आहे, आता पंप लागत नाही. पण तो विषय वेगळा." मला तो विषय वेगळा वाटत नाही. मधली नऊ वर्षं तो मुलगा तिथं झोपला असता. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पंख्याकडे बघत होतो, हे मात्र कबूल करतो.

फुलीचं राहिलं. इथं माझी बाजू लंगडी आहे.

1999 मध्ये एक एक्स-रे टेक्निशियन आला होता, बायको आणि म्हातारी आई. हॉस्पिटल जवळच, पगाराची स्लिप हातात. नाव मुसलमान. त्याला हवी तशी जागा फळ्यावर होती, बिल्ल्यावर फुली. मी म्हटलं, "ती जागा तुम्हाला जुळणार नाही. तुमच्याच आईला तिथं करमणार नाही." किती काळजीनं बोललो! तो हसला, "समजलं," म्हणाला आणि उठला. पुढं मालक भाडं न्यायला आले तेव्हा विषय निघाला. ते म्हणाले, "अरे, मी अशी काही अट सांगितलीच नव्हती." फुली अण्णांनी आपणहून काढली होती, सोसायटीत कटकट नको म्हणून. आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. त्याच फळ्यावर ‘व्हे.’ बघून आमच्याच मराठी माणसांना परत पाठवताना मला राग यायचा, मासे खातात म्हणून जागा नाही म्हणजे काय. फुलीवाल्याच्या वेळी तो राग कुठं गेला होता?

भाचा न्यू जर्सीला आहे. घर घेताना त्यानं एजंटला विचारलं, वस्ती कशी आहे, आपले लोक आहेत का? बाईनं ओठ शिवल्यासारखं केलं. तिथं 1968 पासून कायदा आहे, वंश-धर्म बघून गिऱ्हाइकाला एका वस्तीकडे वळवायचं नाही. शाळांचे आकडे तुम्ही बघा, पोलिसांकडे तुम्ही विचारा, असं तिनं सांगितलं. भाचा वैतागला. मला पटलं. पण अर्धंच. कारण वास, पाणी, टोल, पहाटे पाचला खाली लागणारा भाजीचा टेम्पो, हे एजंटनं सांगायलाच पाहिजे, न विचारता. माणसं कशी आहेत हे सांगायला मात्र आपण कोण? इकडे महारेरानं, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणानं, एजंटांना परीक्षा लावली, मी साठीला टेकलेला असताना तरुण पोरांत बसून दिली. रेराचं कलम 10 तोंडपाठ आहे, खोटं सांगायचं नाही आणि घेणाऱ्याच्या हक्काचे कागद त्याला मिळवून द्यायचे. रात्रीच्या वासाबद्दल प्रश्न आला नाही.

नव्या पोरांनो, सोसायटीवाले ‘आमच्याकडे अमुक लोक चालत नाहीत’ म्हणाले की जागा विकणाऱ्याला कलम 23 वाचायला द्या, सहकारी संस्था कायद्यातलं. पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. आणि जागा नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटीनं ट्रान्सफर प्रीमियम पंचवीस हजारांवर मागितला तर पावती मागा. पावती मागितली की आवाज खाली येतो.

फळा आता पोटमाळ्यावर आहे. फुलीचे बिल्ले मी 1999 मध्येच काढले, अण्णांना न सांगता. अण्णा 2016 मध्ये गेले. शेवटी भेटायला गेलो तर त्यांनी टेप मागितली. नेऊन दिली. परत आणली नाही.

गेल्या महिन्यात पोस्टातल्या बाईंचा नातू आला, लग्न ठरलंय. बजेटात बसणारी जागा हरिओम नगरलाच निघाली. रात्री साडेदहाला घेऊन गेलो. वास नव्हता, मी दोनदा नाक वर करून पाहिलं. तो म्हणाला, "काका, इथं लोक कसे आहेत?" कंपाउंडात कट्ट्यावर चौघं बसले होते. मी म्हटलं, जा, बस त्यांच्यात. मी स्कूटरपाशी थांबलो.

वीस मिनिटांनी आला. "पाणी पावणेसहाला येतं. गणपतीची वर्गणी एकवीसशे. सेक्रेटरी आणि चेअरमन एकमेकांशी बोलत नाहीत." मग वॉचमनकडे गेला आणि बॅगेतून आजीची बाटली काढली.

डाळीचं अजून कळलेलं नाही.