शंभराच्या नोटेवरच्या दोन ओळी

जुन्या नोटांच्या लिलावासाठी सूची तयार करणे हे माझे काम आहे. या कामात किंमत ओळखायची असते असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात दिवसाचा बहुतेक वेळ घड्या मोजण्यात जातो. नोट कडांना धरून तिरक्या उजेडात हळूहळू फिरवली की मधली उभी घडी, टाचणीची भोके आणि कोपऱ्यांची झीज दिसू लागते. कुणी इस्त्री फिरवून घडी लपवली असेल तर डोळा एखादे वेळी फसतो, पण बोट फसत नाही, कारण उठावदार छपाईचा खरखरीतपणा इस्त्रीखाली दबून गेलेला असतो. अशी इस्त्री करणाऱ्या व्यापाऱ्यांबद्दल मला जराही आदर नाही, कारण कागदाने पन्नास वर्षे जपलेला पुरावा ते दोन मिनिटांत पुसून टाकतात.

गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीकडच्या एका घरातून एक पेटी आमच्याकडे आली. घरातले वडील अनेक वर्षे बोटीवर होते आणि प्रत्येक बंदरातून एकदोन नोटा मागे ठेवण्याची त्यांना सवय होती. त्यांत मॉरिशसच्या शंभर रुपयांच्या दोन नोटा होत्या, एक 1998 सालची आणि दुसरी 1999 सालची. दोन्हींवर रंगनादेन सीनीवासेन या तमिळ वंशाच्या बॅरिस्टर नेत्याचे चित्र होते आणि उजेडासमोर धरल्यावर दोन्हींत डोडो पक्ष्याचे जलचिन्ह उमटत होते. मी घड्या मोजल्या, कागदाची प्रत ठरवली आणि 'एकाच प्रकारच्या दोन नोटा, वर्ष वेगळे' अशी नोंद करून दोन्ही एकाच क्रमांकाखाली घातल्या. वरिष्ठांनी ती नोंद न पाहता मंजूर केली. आमच्याकडे आफ्रिकेतल्या नोटांकडे असेच पाहिले जाते, आणि मी स्वतः त्याला अपवाद नव्हते.

लिलावापूर्वीच्या पाहणीच्या दिवशी साठीच्या पुढच्या एक बाई आल्या. त्यांचे मराठी जुन्या वळणाचे होते आणि मधूनमधून त्यात मॉरिशसच्या क्रेओल बोलीतले शब्द येत होते. त्यांचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले होते आणि त्या स्वतः मॉरिशसमध्ये शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांनी त्या दोन नोटा मागितल्या, शेजारी शेजारी ठेवल्या, आणि इंग्रजी रकमेखालच्या ओळींवर पाकिटावरूनच बोट ठेवून शांतपणे म्हणाल्या, ''ताई, ह्या दोन नोटा एकसारख्या नाहीत.''

1999 च्या नोटेवर इंग्रजीखाली तमिळ आणि तिच्याखाली हिंदी होती. 1998 च्या नोटेवर हिंदी वर होती आणि तमिळ खाली गेली होती.

मॉरिशस हा मूळ रहिवासी नसलेल्या बेटांचा देश आहे. फ्रेंच आणि नंतर ब्रिटिश अमलात तिथे आलेला प्रत्येक समाज बाहेरून आला, कुणी मालक म्हणून, कुणी गुलाम म्हणून, कुणी कारागीर किंवा व्यापारी म्हणून, तर 1834 नंतर लाखो लोक करारबद्ध मजूर म्हणून. 12 मार्च 1968 रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या सर्वांना आपले वाटेल असे चिन्ह शोधणे हे राज्यकर्त्यांपुढचे खरेखुरे काम होते. 1998 च्या नोटांची मालिका या दृष्टीने मला अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते. पंचवीसवर चिनी वंशाचे आ-च्युएन, पन्नासवर फ्रेंच वंशाचे पातुरो, शंभरावर सीनीवासेन, दोनशेवर मुस्लिम नेते अब्दुल रझाक मोहम्मद, पाचशेवर हिंदू नेते बिसुनदयाल, हजारावर मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या क्रेओल समाजाचे दुवाल आणि दोन हजारावर पहिले पंतप्रधान रामगुलाम. यांतल्या दुवाल यांनी तर स्वातंत्र्याला विरोध केला होता, तरीही त्यांना नोटेवर जागा देण्यात आली. एवढा तोल सांभाळणाऱ्या मालिकेत दोन ओळींची अदलाबदल झाली आणि तमिळ समाजाने तीव्र आक्षेप घेतला. तमिळ कारागीर अठराव्या शतकात फ्रेंचांच्या काळातच बेटावर आले होते, म्हणजे बिहारकडच्या मजुरांच्या कितीतरी आधी. 1998 पूर्वीच्या नोटांवरचा, आधी तमिळ आणि मग हिंदी, हा जुना क्रम त्यांना त्या इतिहासाची नोंद वाटत होता. अखेर बँक ऑफ मॉरिशसने ती मालिका मागे घेतली आणि 1999 मध्ये जुन्या क्रमाने नवी काढली.

''आमच्या शाळेतल्या तमिळ बाईंनी ही नोट हातात घेतली नाही,'' त्या म्हणाल्या. ''मला आधी तो हट्ट वाटला. मग लक्षात आलं, की माझी लिपी वर गेली होती म्हणून मला काही खुपलं नव्हतं.''

मी त्यांना विचारले की देवनागरीची ती ओळ मराठी लोकांना आपली वाटते का. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. ''वाचता येते,'' त्या म्हणाल्या, ''पण ती हिंदी आहे. आमचं नाव वरही नव्हतं आणि खालीही नव्हतं.''

त्या गेल्यावर मी संगणकावरची नोंद दुरुस्त करायला बसले. आमच्या प्रणालीत भाषा यादीतून निवडाव्या लागतात आणि त्या इंग्रजी वर्णक्रमाने आपोआप लावल्या जातात. तमिळ आधी निवडली तरी पडद्यावर हिंदीच वर येत होती, म्हणजे बँकेला जो क्रम मागे घ्यावा लागला होता तोच आमची सूची दोन्ही नोटांवर लादत होती. ही प्रणाली ज्यांनी बनवली त्यांना ओळींचा क्रम ही माहिती असू शकते हे सुचलेच नाही, आणि इतकी वर्षे ती वापरणाऱ्या आम्हालाही नाही. शेवटी मी दोन्ही नोटा वेगळ्या केल्या आणि प्रत्येक पाकिटावर हाताने लिहून चिठ्ठी लावली. छापील सूची मात्र तोवर लोकांच्या हाती गेली होती.

या कामात मला पंधरा वर्षे झाली आहेत. धूसर झालेले टाचणीचे भोक मी हाताच्या अंतरावरून ओळखते. त्या दोन नोटा मी भिंगाखाली कितीतरी वेळ पाहिल्या होत्या, आणि आता आठवते ते असे की दोन्ही वेळा माझी नजर थेट देवनागरीवर गेली, रक्कम वाचली आणि तिथेच थांबली. तमिळ ओळ कुठे आहे हे मी पाहिलेच नाही.